‘मावशी’ म्हटले की पगार विचारावा लागत नाही

मागच्या हिवाळ्यात तळोद्याला आमच्या काही महिला गटांची बैठक होती. दारू, रेशन, वनहक्काचे दावे हे नेहमीचे विषय झाले. मग मी म्हटले, “अपंग मुले ज्या वर्गात बसतात, त्या वर्गातल्या मदतनीस बायकांचा विषयही घेऊ या.” एक तरुण मैत्रीण म्हणाली, “ताई, हा तर शिक्षण खात्याचा विषय. आपला काय संबंध?”

तिचे चुकले असे मी म्हणणार नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवण्यात आयुष्य घालवले. १९९४ साली नोकरीला लागले तेव्हा आमचा भाग धुळे जिल्ह्यात होता. १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा झाला. एवढ्या वर्षांत मलाही हा संबंध कळायला फार उशीर लागला. कळला तोही पुस्तकातून नाही, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या एका बाईकडून. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

अक्कलकुवा तालुक्यातल्या एका पाड्यावरची आमची शाळा. गावाचे नाव देत नाही, कारण असे घडलेले ते काही एकटेच गाव नाही. चार इयत्ता, दोन शिक्षक. त्यातला एक बहुतेक दिवस बैठकीला, नाही तर कसली तरी माहिती भरायला तालुक्याला गेलेला. मुले घरी देहवाली भिली बोलणारी. मी शहाद्याकडची, माझ्या घरी अहिराणी. मुलांना माझी मराठी कळत नसे, मला त्यांची बोली. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यातले शंभरातले ६९ लोक आदिवासी होते, तरी त्यांच्या मुलांसमोर उभी राहणारी बाई बहुधा माझ्यासारखी बाहेरचीच असते.

२०१२ च्या जूनमध्ये एक आजी सात वर्षांच्या नातीला कडेवर घेऊन आली. मुलीला मेंदूचा पक्षाघात होता. मान धरता येत होती, पण चालता येत नव्हते. उजवा हात आखडलेला, बोलणे अजिबात नाही. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा लागू होऊन दोन वर्षे झाली होती आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अपंग मुलांचा हक्क त्यात स्पष्टपणे आला होता. मी नाव घातले. आणि तिला कुठे बसवले? दाराशी. स्वयंपाकाच्या खोलीला लागून. पोषण आहार शिजवणाऱ्या बाईला सांगितले, “मावशी, हिच्याकडे जरा लक्ष ठेवा.”

त्या मावशी माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान होत्या, हे इथे सांगितले पाहिजे. विधवा, दोन मुलांची आई, तिसरीपर्यंत शाळा. पण शिपाई बाई, दाई, स्वयंपाकीण, पाणी भरणारी, सगळ्या आपल्या ‘मावशी’च असतात. मावशी म्हटले की आपुलकी दाखवल्यासारखे होते. शिवाय मावशीला पगार किती मिळतो हे विचारावे लागत नाही. तिला तेव्हा महिन्याला १,००० रुपये मानधन होते, तेही वर्षातले दहाच महिने, आणि येई तेव्हा तीन-चार महिन्यांचे एकदम. त्यात स्वयंपाक, भांडी, पाणी आणि आता ही मुलगी.

मुलगी रोज येत होती. पटावर हजेरी लागत होती. एक साहेब तपासणीला आले, त्यांनी पाठ थोपटली. मला खरोखरच वाटत होते की मी या मुलीला शाळेत सामावून घेतले. दोन वर्षे मी तिला एकही प्रश्न विचारला नव्हता, हे तेव्हा माझ्या लक्षातही आले नाही.

एके दिवशी दुपारी मी पटावरून सांगितले, “अडतीस मुलांचे तांदूळ घ्या.” आतून ती बाई म्हणाली, “पोरगी सदतीस सांगते.” मला हसू आले. मी मुले मोजली. सदतीसच होती. एक मुलगा सुट्टीच्या आधीच नाल्याकडे पळाला होता.

मग कळले ते असे. पहिली ते पाचवीच्या मुलाला माणशी शंभर ग्रॅम तांदूळ हे माप. त्यासाठी ती बाई रोज मुले मोजायची. पाटी-पेन्सिल तिला जमत नसे, म्हणून दर मुलामागे एक चिंचोका ठेवायची. ही मुलगी दाराशीच बसलेली. येणारे मूल दिसले की ती डाव्या हाताने एक चिंचोका अलीकडे सरकवायची, बाहेर गेलेले दिसले की पलीकडे. बाई विचारायची, “तीस झाले?” हो असेल तर मुलगी डोळे मिटायची, नसेल तर नजर वळवायची. दोन वर्षांत ती शंभराच्या आतली बेरीज-वजाबाकी शिकली होती. माझ्याच शाळेत, माझ्यापासून दहा फुटांवर.

मी म्हटले, “मला सांगितले का नाही?” तिच्या बोलीत अहो-जाहोची रीत नाही. ती सरळ म्हणाली, “बाई, तू विचारतच नाही.”

हे उत्तर मला लागले. अजून लागते. मी मुलीलाही विचारले नव्हते आणि त्या बाईलाही. दोघी दाराशी बसत होत्या, आणि दाराशी बसणाऱ्यांना काही विचारायचे नसते, हे आपण कुठे तरी शिकलेलो असतो.

त्यानंतर आम्ही दोघींनी काही गोष्टी बदलल्या. त्या सविस्तर सांगते, कारण ‘सहकार्य हवे’ असे नुसते म्हणून काही होत नाही. शाळा भरण्याआधी दहा मिनिटे बसायचे ठरवले. आज काय शिकवणार ते मी सांगायचे, त्यातले मुलीला काय जमेल ते तिने. मुलीला दारातून उचलून वर्गाच्या मध्ये, इतर मुलींच्या शेजारी बसवले. सुरुवातीची पंधरा मिनिटे मुलीजवळ मी बसायची आणि तेवढा वेळ बाई बाकीच्या मुलांकडून त्यांच्या बोलीत गोष्ट सांगून घ्यायची. मदतनीस त्या एका मुलीची नाही, सगळ्या वर्गाची, असे ठरल्यावर दोन फायदे झाले. मुलगी बाईला चिकटलेली राहिली नाही, शेजारच्या मुली तिच्याशी डोळ्यांनी बोलायला शिकल्या. आणि पहिलीतली जी मुले महिनोन् महिने गप्प बसत, तीही बोलू लागली, कारण त्यांना समजणारे कोणी तरी वर्गात उभे होते. गट साधन केंद्रातून फिरते विशेष शिक्षक येत. त्यांच्याकडे इतक्या शाळा होत्या की महिन्यातून एखाद वेळीच पोचत, पण आले की मुलीला कसे बसवायचे, कसे भरवायचे हे दाखवत. पूर्वी ते मला दाखवत आणि मी वहीत लिहून ठेवत असे. आता बाईला समोर बसवले. भरवायची तीच, तर शिकायची कोणी?

आणखी एक काम होते, त्याबद्दल कोणी लिहीत नाही. मुलीला लघवीला नेणे, कपडे बदलणे. ही सोय नाही म्हणून किती अपंग मुली घरी बसतात, हे खेड्यात काम करणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे. पाळी आली की उरलेल्याही घरी. रॅम्प बांधला की शाळा अपंगांसाठी झाली असे कागद म्हणतो. पण रॅम्पवरून वर आलेल्या मुलीला मोरीपर्यंत नेणारा हात बाईचा असतो, आणि त्या हाताची नोंद कुठल्याच रकान्यात नसते.

हे दीड वर्ष चालले. मग एका वर्षी दिवाळीनंतर मानधन आलेच नाही. डोक्यावर कर्ज होते. बाईने मुकादमाची उचल घेतली आणि पाड्यावरच्या इतरांबरोबर ती गुजरातेत ऊस तोडायला गेली. होळीला परत आली तोवर तिच्या जागी दुसरी बाई लागली होती. दुसरीही चांगलीच होती. पण तिला मुलीचे डोळे वाचता येत नव्हते, आणि शिकवायला कोणाजवळ वेळ नव्हता. मुलीची आई काही दिवस स्वतः येऊन बसली. पण ती येऊन बसली की तिची मजुरी बुडे. अपंग मुलांसाठी ‘मदतनीस भत्ता’ म्हणून एक तरतूद आहे. तो भत्ता मिळतो महिन्याला काही शे रुपये, आणि आईची मजुरी जाते रोजची. मुलगी कशीबशी चौथीपर्यंत आली. पुढची शाळा दूर होती. ती घरी बसली. शंभरापर्यंत मोजता येणारी ती मुलगी आज घराच्या ओट्यावर बसलेली असते. मी गेले की डोळे मिटते. हो, ओळखले, असा त्याचा अर्थ.

मैत्रिणींनो, यात खलनायक कोणी नाही, आणि म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे. एका मुलीचे शिक्षण एका बाईच्या १,००० रुपयांवर टांगलेले होते आणि ते १,००० रुपये वेळेवर येत नव्हते, एवढेच.

कायद्यात काय आहे ते पाहू. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. त्याने २१ प्रकारची अपंगत्वे मानली आणि सर्वसमावेशक शिक्षण ही शासनाची जबाबदारी ठरवली. ऑक्टोबर २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवून द्यायला लावले. २०२२ मध्ये केंद्राने प्राथमिकला दर दहा अपंग मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिकला दर पंधरामागे एक असे ते ठरवले. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने दर केंद्राला एक याप्रमाणे ४,८६० विशेष शिक्षकांची पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला. वर्षानुवर्षे कंत्राटावर राबलेल्या त्या शिक्षकांच्या लढ्याचे हे फळ आहे आणि त्याचा मला आनंद आहे.

पण एक केंद्र म्हणजे दहा-बारा शाळा, आणि सातपुड्यात एका शाळेतून दुसरीकडे जायचे तर डोंगर उतरून चढावा लागतो. तो विशेष शिक्षक ज्या दिवशी येणार नाही, त्या दिवशी काय? २०१६ च्या कायद्याच्या शिक्षणाच्या कलमांत जास्त आधार लागणाऱ्या मुलाचा मदतनीस ठळकपणे येतो तो प्रवासाच्या सोयीत: मुलाला आणि त्याच्या मदतनिसाला वाहन द्यावे. म्हणजे मदतनीस शाळेच्या दारापर्यंत पोचतो. दाराच्या आत त्याने काय करायचे, शिक्षकाशी त्याचे नाते काय, त्याला पगार कोण देणार, हे अजून कोणी नीट लिहिलेले नाही. व्यवहारात मात्र ‘तो’ मदतनीस नसतोच. ती असते. आई, आजी, थोरली बहीण, नाही तर खिचडीवाली मावशी. थोरली बहीण असली तर एका मुलीच्या शिक्षणासाठी दुसरीचे शिक्षण बुडते.

हेच चित्र अंगणवाडीतही आहे. तिथे निदान पद तरी आहे: सेविका आणि मदतनीस. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हापासून या दोघी एका खोलीत काम करतात. २०१८ मध्ये केंद्राने मानधन ठरवले: सेविकेला ४,५०० रुपये, मदतनिसाला २,२५०. बरोबर निम्मे. राज्ये त्यात आपली भर घालतात, पण हे निम्मेपण नुसत्या पैशात राहत नाही, ते वागण्यात उतरते. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती काढली. अपंगत्व लवकर ओळखावे, मुलाला अंगणवाडीत सामावून घ्यावे, असे त्यात आहे. चांगले आहे. पण जे मूल घराबाहेर आणलेच जात नाही, ते कुठल्या झोपडीत आहे हे कोणाला ठाऊक असते? जी घरोघर मुले गोळा करायला जाते तिला. आणि ती मदतनीस असते.

आपल्या चळवळीबद्दलही बोलायला हवे. अंगणवाडीच्या बायकांच्या लढ्यात आपण उभ्या राहिलो. डिसेंबर २०२३ पासून पन्नासहून अधिक दिवस चाललेल्या संपात आपल्यातल्या अनेकजणी त्यांच्याबरोबर होत्या. २०२२ च्या एप्रिलमध्ये, शेजारच्या दाहोदच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने सेविका आणि मदतनीस दोघींनाही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असे सांगितले, तेव्हा आपण पेढे वाटले. पण सभेत माईक कोणाच्या हातात असतो? बहुतेक वेळा सेविकेच्या. मदतनीस सतरंजी घालते, चहा आणते. शाळेत मी जे केले तेच आपण आपल्या बैठकीत करतो. याच मातीत, १९७२ च्या सुमारास, शहाद्याला श्रमिक संघटनेच्या आदिवासी बायकांनी दारूची मडकी फोडली, तेव्हा त्यांना कोणी शाळेची इयत्ता विचारली नव्हती.

या विषयावर बोलले की तीन आक्षेप येतात. तिन्ही खरे आहेत, म्हणून टाळत नाही.

पहिला आपल्याच कार्यकर्त्या घेतात: आशा, सेविका, खिचडीवाली, या मानधनाच्या रांगेत आणखी एक पद कशाला? सरकारला स्वस्तात राबणाऱ्या बायका आयत्या मिळतील. भीती रास्त आहे. पण पद नसल्यामुळे काम थांबलेले नाही. ते आज फुकट चालले आहे. फुकटच्या कामापेक्षा मानधन बरे, असे मी म्हणत नाही. मी म्हणते, कामाला नाव द्या म्हणजे पगार मागता येईल. नाव नसलेल्या कामासाठी मोर्चा काढता येत नाही.

दुसरा अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या मित्र-मैत्रिणींचा: मदतनीस दिली की शिक्षक मोकळा होतो आणि मूल वर्गात असूनही वर्गाबाहेर राहते. मी स्वतः हेच केले, तेव्हा नाकारू कशी? म्हणूनच मदतनीस वर्गाची असावी आणि शिकवण्याची जबाबदारी शिक्षकाचीच राहावी. मूल काय शिकले याचा जाब शिक्षकाला विचारावा, मदतनिसाला नाही. आणि मुलाला जे स्वतः करता येऊ लागेल तिथून मदतनिसाने हात काढून घ्यावा. हात कधी काढायचा, हे दोघींनी मिळून ठरवायचे.

तिसरा शिक्षकांचा: तिसरी शिकलेली बाई वर्गात काय करणार? याला माझे उत्तर चिंचोक्यांचे आहे. पण ते एकटीचे नाही. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला गेल्या. दलित वस्तीतली मुले गावातल्या बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच त्या वस्तीच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. वस्तीला जे ठाऊक असते ते वर्गात आणल्याशिवाय मूल वर्गात येत नाही, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. आणि आमच्याच जिल्ह्यात, नर्मदेच्या काठी, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आंदोलनाने जीवनशाळा काढल्या, तेव्हा गावातलेच तरुण मुलांना त्यांच्या बोलीत शिकवू लागले. शिकवण्याचे प्रशिक्षण हवेच. पण मुलाची भाषा जाणणे हीही पात्रता आहे, हे मान्य करायला हवे.

तर मागायचे काय? माझ्यापुरते मी असे मांडते.

एक, जिथे जास्त आधार लागणारे मूल आहे त्या शाळेत वर्ग-मदतनीस हे वेगळे पद असावे. खिचडी शिजवणाऱ्या बाईवर ते काम लादू नये. तिला ते हवे असेल तर आधी तिला विचारावे.

दोन, पगार दर महिन्याला, बारा महिने. नेमणूक लेखी आणि निदान मूल ती शाळा सोडेपर्यंतची. मुलाला समजून घ्यायला दोन वर्षे लागतात. बाई दरवर्षी बदलली तर मूल दरवर्षी पहिल्यापासून सुरू करते.

तीन, शिक्षक आणि मदतनीस यांचे प्रशिक्षण एकत्र, एकाच सतरंजीवर. आणि रोजची दहा मिनिटे वेळापत्रकात लिहिलेली.

चार, मदतनीस पाड्यावरचीच असावी, आणि तिला पुढे शिकून शिक्षिका होण्याचा रस्ता असावा.

पाच, आई शाळेत बसत असेल तर तिची बुडालेली मजुरी धरून भत्ता ठरावा.

शासन हे कधी करेल सांगता येत नाही. पण तोवर हातात काहीच नाही असेही नाही. अक्कलकुवा, अक्राणी, तळोदा, नवापूर हे तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. पेसाच्या ग्रामपंचायतींना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी थेट मिळतो, त्याचा खर्च ग्रामसभेने ठरवायचा असतो आणि शिक्षण हा त्यातला एक विषय आहे. आपल्या गटातल्या बायकांनी ग्रामसभेत एवढेच विचारावे: आपल्या पाड्यावर घरी बसलेली अपंग मुलगी आहे का? तिला शाळेत कोण नेणार, आणि नेणारीला काय देणार? या प्रश्नाला कोणी उत्तर देऊ शकले नाही तरी तो इतिवृत्तात लिहिला जाईल.

तळोद्याच्या बैठकीत मी हे सगळे सांगितले. ती तरुण मैत्रीण बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “ताई, त्या बाईंचे नाव काय?” इथे ते छापत नाही, तिला न विचारता छापणे बरे नाही. पण त्या दिवशी मी ते सांगितले, आणि सांगताना लक्षात आले, त्या शाळेत असताना मी तिला एकदाही नावाने हाक मारली नव्हती.

सुरुवात तिथून करू या. तुमच्या शाळेतल्या, अंगणवाडीतल्या ‘मावशीं’ना त्यांचे नाव विचारा. मग पगार विचारा. आणि मग विचारा, कोणते मूल कसे हो म्हणते. त्यांना ते माहीत असते.